आधी तुमचं उत्तर लिहा

१

कागद टाइप होऊन तयार होता. बाकी होती ती फक्त ताईची सही.

"'मी सदर रुग्णास कोणालाही न विचारता गोळीचा चुरा करून दिला,'" साहेबांनी मोठ्यानं वाचलं आणि घसा खाकरला. साहेब वकील होते. वकिलाचा घसा म्हणजे त्याचं दुकान, आणि तीन दिवस ते दुकान घरातच उघडं होतं, त्यामुळे घसा पार बसला होता. "यात खोटं काय आहे, सांग बघू."

"सगळंच," ताई म्हणाली.

साहेबांनी टेबलाचा ड्रॉवर ओढला, बाटलीतून चमचाभर मध घशाखाली सोडला आणि ड्रॉवर लावून घेतला. त्याच ड्रॉवरमध्ये ताईचा फोन होता. पुरावा म्हणून काढून घेतलेला.

"संध्याकाळपर्यंत विचार कर. सही केलीस तर काम सुटेल, एवढंच. नाही केलीस तर पोलिसांना मी बोलावीन आणि मग हाच मजकूर ते लिहून घेतील. तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

बाहेरच्या दाराची किल्ली त्यांच्या खिशात होती. ताईची खोली म्हणजे आजोबांच्या खोलीला चिकटून असलेलं एक कोंदट प्रकरण होतं. खाट टाकली की उरलेल्या जागेत माणसानं वळायचं कसं हा प्रश्न. खिडकीला गज होते आणि गजांपलीकडे हात लांबवला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत. रुग्णाची देखभाल करायला आल्यापासून दोन वर्षं ती या खोलीत राहिली होती, पण तिला कधी कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. कारण पलीकडे आजोबा होते. साहेबांचे वडील. झटक्यानं त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि जीभ जड झाली होती, पण डोळे भारी मिस्कील. साहेबांच्या लहानपणच्या फोटोकडे बोट करून ते म्हणायचे, "हा... गोळी... थू!" आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं मनसोक्त हसायचे.

आता ती खाट रिकामी होती. आजोबा हॉस्पिटलात होते, आणि त्यांना तिथे कोणी पोचवलं याचं उत्तर सगळ्या घरानं ताईच्या नावावर लिहून टाकलं होतं.

पोलिसांपेक्षाही तिला दुसरीच धास्ती होती. घरबसल्या ऑनलाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत ती रुग्णसेवेचा कोर्स करत होती. आजोबा झोपले की फोनवर धडे वाचायचे, गृहपाठ करायचा. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. प्रमाणपत्र मिळालं की एका दवाखान्यात दिवसपाळीची नोकरी ठरली होती आणि बहिणीकडे ठेवलेली लेक परत जवळ येणार होती. लेक आता मावशीला आई म्हणायला लागली आहे, हे बहिणीनं हसत हसत सांगितलं होतं. ताईला ते ऐकून हसू आलं नव्हतं. सही केली तर प्रमाणपत्र गेलं. नाही केली तर तुरुंग. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि मध्ये उभं राहायला खाटेएवढी जागा.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. साहेबांनी दार उघडलं आणि एक खणखणीत आवाज घरात शिरला.

"संस्थेनं पाठवलंय मला. आधी बसायला खुर्ची द्या, गुडघे गेलेत माझे. आणि मग ती पोरगी कुठे कोंडलीय ते दाखवा."

२

आलेल्या बाई निवृत्त मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलातल्या परिचारिकांच्या प्रमुख होत्या. संस्थेत काही बिनसलं की निस्तरायला यांना धाडत. मोठ्या अंगाच्या, आखूड केसांच्या; समोरच्याशी बोलताना त्याचं मनगट हातात घेऊन नाडी बघायची त्यांना सवय होती. ताईच्या खाटेवर त्या बसल्या तेव्हा खाटेनं जोरदार तक्रार केली.

"घाबरलीयस," मेट्रनबाई नाडी धरून म्हणाल्या. "ते ठीकच आहे. खोटं बोलतेयस का हे काही नाडीत कळत नाही, ते तोंडानं सांगावं लागतं. सुरुवातीपासून सांग."

ताईनं सांगितलं. आजोबा आजारी पडले त्याच्या आदल्या दिवशी सकाळची रक्तदाबाची गोळी आजोबांच्या घशात अडकली होती. जीव घाबरा होईपर्यंत खोकले, तेव्हा कुठे ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच व्हायला नको, म्हणून तिनं कोर्सच्या प्रश्नपेटीत मॅडमना लिहून विचारलं: रुग्णाला गोळी गिळता येत नाही, चुरा करून दिली तर चालेल का? प्रश्नपेटीतल्या प्रश्नाला दिवसभरात उत्तर, असं संस्थेचं वचन होतं.

"आलं उत्तर?"

"नाही. दर थोड्या वेळानं पेटी उघडत होते. संध्याकाळी तर पेटीतून माझा प्रश्नच नाहीसा झाला. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं." ताईला बोलता बोलता रडू फुटायला आलं. "आणि वर गृहपाठ आला. तोही नेमका तसलाच. रुग्णाला गोळी गिळता येत नाही, तुम्ही काय कराल. म्हटलं, वा! उत्तर माहीत असतं तर विचारत कशाला बसले असते? तो गृहपाठ मी तसाच ठेवला."

मेट्रनबाईंनी मनगट सोडलं नाही, पण त्यांचे डोळे बारीक झाले.

"बरं. आणि दुसऱ्या सकाळी?"

दुसऱ्या सकाळी तिनं गोळी दिलीच नव्हती. साहेब घरीच होते. त्यांना तिनं सांगितलं की मॅडमना विचारलंय, उत्तर आलं की देते. साहेब म्हणाले, औषधाची वेळ चुकवायची नसते, तुझ्या मॅडमना काय जातंय. मग ती चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली. परत आली तेव्हा आजोबा डोळे मिटून पडले होते आणि ओठ चाटत होते. तिला वाटलं, तहान लागली असेल. पाणी पाजलं. दुपारच्या आत त्यांचे हातपाय गार पडले, घाम सुटला, नाडी लागेना. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, अँब्युलन्स बोलावली. एकालाच बसता येईल म्हणाले, तर ताई बसली. साहेब आणि वहिनी कागदपत्रं शोधून मागून गाडीनं आले.

"तुझा फोन?"

"स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला. त्याला कुलूप नाही. आजोबांच्या रक्तदाबाचे आकडे त्यात असतात, म्हणून घरच्यांना उघडता आला पाहिजे असा नियम होता."

"अँब्युलन्समध्ये काय सांगितलंस?"

"आजची गोळी दिलेली नाही म्हणून सांगितलं. खरंच दिली नव्हती! मग थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गोळीचा चुरा करून दिला होता हे वेळेवर कळलं म्हणून वाचले. रक्त तपासलं होतं ना, त्यात दिसलं असणार."

"रक्तात चुरा दिसत नसतो गं पोरी," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि ताईच्या समोर धरला. कोर्समध्ये 'सरावाचा फळा' नावाचं एक पान होतं; गृहपाठाची उत्तरं वर्गातल्या सगळ्यांनी तिथे लिहायची असत. ताईच्या नावापुढे एक उत्तर होतं. तारीख आजोबा आजारी पडले त्याच दिवसाची.

'दोन चमच्यांत दाबून चुरा केला आणि मधातून दिली. पटकन घेतली.'

"साहेबांची तक्रार आली, आणि हे बघून संस्था तुला काढायला निघालीय," मेट्रनबाई म्हणाल्या. "साहेबांच्या कागदाचीही काही गरज नाही. तू स्वतःच लिहून दिलंयस."

ताईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. भिंत खिडकीच्या आत सरकल्यासारखी वाटली.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटला म्हणून ती आणखीच घाबरली.

३

वहिनींनी चहा आणला. मेट्रनबाईंनी कप घेता घेता त्यांचंही मनगट धरलं.

"सून तुम्ही. सासऱ्यांचं खाणंपिणं तुम्हीच बघता?"

"हो. त्यांना साखरेचा त्रास आहे. स्वयंपाकघरात मी गोडाचा कणही ठेवत नाही. मुलं कुरकुरतात, पण काय करणार?"

"त्या सकाळी त्यांना काही दिलंत?"

"पेज दिली. ती ताईसमोरच. मग मी अंघोळीला गेले." वहिनींनी ताईकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. "ताईनं मुद्दाम काही केलं नसणार हो. चांगली आहे ती. पण घाईगर्दीत माणसाच्या हातून होऊन जातं."

ही वकिली ताईला साहेबांच्या आरोपापेक्षाही लागली. मुद्दाम नाही म्हणजे केलं तर आहेच! शिवी परवडली, पण असली माया नको.

"कागदपत्रं कोणी शोधली?"

"मी. वरच्या मजल्यावर होती. हे गाडी काढायला गेले होते. मी खाली आले तेव्हा हे स्वयंपाकघरात होते, पाणी प्यायला आले असतील." वहिनी थांबल्या. "चेहरा अगदी पांढरा पडला होता त्यांचा. वडीलच ते, होणारच."

त्या गेल्या, आणि मेट्रनबाईंनी टॅबवर कोर्सच्या मॅडमना गाठलं. पडद्यावर नीट विंचरलेल्या केसांच्या, नीट मांडलेल्या पुस्तकांपुढे बसलेल्या मॅडम दिसल्या. ताईनं त्यांना वर्षभर फक्त अक्षरांत ओळखलं होतं. प्रत्यक्ष त्या तिच्याकडे बघायलाच तयार नव्हत्या.

"मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलंय," मॅडम म्हणाल्या. "'कधीही चुरा करू नका. ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते. चुरली तर सगळं औषध एकदम अंगात जातं आणि रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या.' सगळ्या वर्गानं वाचलंय. आभार मानलेत. माझ्या नावावर आजवर उशिराची एकही लाल खूण नाही."

"मला नाही आलं!" ताई ओरडली. "मी डोळ्यात तेल घालून बसले होते!"

"वर्गातल्या सगळ्यांना येतं आणि विचारणारीलाच येत नाही?" मॅडमचा आवाज थंड होता. "आणि तुझं स्वतःचं उत्तर त्याच फळ्यावर आहे."

"फळ्यावर," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. "तिनं प्रश्न फळ्यावर विचारला नव्हता. पेटीत विचारला होता. मग फळ्यावर कसा गेला?"

"मी हलवला. सगळ्यांच्या उपयोगाचा होता."

"खरंच तेवढ्यासाठी?"

मॅडमनी पुस्तकांकडे बघितलं. मेट्रनबाई वाट बघत राहिल्या. वाट बघणं हे त्यांचं हत्यार होतं. रुग्णाच्या उशाशी जन्म काढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

"त्या दिवशी पेटी भरली होती," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पेटीतला प्रश्न दिवसभरात सुटला नाही तर शिकवणाऱ्याच्या नावावर लाल खूण पडते. तो सराव म्हणून फळ्यावर टाकला की खूण पडत नाही. मग सवडीनं उत्तर देता येतं. आम्ही सगळेच करतो. पण मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं! पळवाट काढली, पण काम टाळलं नाही."

"नाही टाळलंत. आता एक करा. मला तुमच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून घाला. आत्ता, या क्षणी."

मॅडमनी बटणं दाबली. मेट्रनबाईंनी नव्या नावानं फळा उघडला आणि तो ताईला आणि पलीकडे मॅडमनाही दिसेल असं केलं. फळ्यावर प्रश्न होता. ताईचाच प्रश्न. त्याच्याखाली ना मॅडमचं उत्तर, ना कोणा विद्यार्थ्याचं. एक रिकामा चौकोन, आणि वर एक ओळ:

'आधी तुमचं उत्तर लिहा. मग इतरांची उत्तरं दिसतील.'

"कॉपी करू नये म्हणून," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "मला... आम्हाला सगळं कायम दिसतं. शिकवणाऱ्याला हा चौकोन दिसतच नाही."

"वर्गातल्या बाकीच्यांनी सराव म्हणून बरंवाईट काहीतरी लिहिलं आणि त्यांना तुमचं उत्तर दिसलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "एकाच माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नव्हतं त्याला. म्हणजे जिनं प्रश्न विचारला तिला."

ताई खाटेच्या कडेवर बसली. आपला प्रश्न गहाळ झाला नव्हता, गृहपाठ होऊन तोच आपल्याकडे परत आला होता, आणि आपण त्याच्यावर चिडून फोन बाजूला ठेवला होता. तिला मॅडमचा राग आला, स्वतःचा आला, त्या रिकाम्या चौकोनाचा तर फारच आला. पण त्या रागातून बाहेर पडायच्या आतच एक विचार तिला थंड करून गेला. फळ्यावर तिच्या नावाचं उत्तर होतं. म्हणजे तिच्या फोनवरून तो चौकोन कोणीतरी भरला होता.

"चला," मेट्रनबाई उठत म्हणाल्या. "साहेबांच्या खोलीत जाऊ. संध्याकाळ होत आली."

४

"हिनं इथे असायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"आरोपीच्या तोंडावर आरोप करावा, हा तुमच्याच धंद्यातला नियम ना?" मेट्रनबाईंनी सगळ्यात चांगली खुर्ची बघून तिचा ताबा घेतला. ताई दाराशी उभी राहिली. तिच्यामागे वहिनी रिकामा ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि त्या जातही नव्हत्या.

मेट्रनबाईंनी फळ्यावरचा प्रश्न आणि ताईच्या नावाचं उत्तर वाचून दाखवलं. मग चौकोनाची गंमत सांगितली: लिहिल्याशिवाय दिसत नाही, आणि लिहिलं की त्याच क्षणी दिसतं.

"आता धरून चालू की हे ताईनं लिहिलं. कधी लिहिलं? गोळी द्यायच्या आधी? मग लिहिल्याबरोबर मॅडमचं उत्तर समोर आलं: चुरू नका, रक्तदाब कोसळतो. ते वाचून वर चुरा करून द्यायला ती वेडी आहे का?"

"नंतर लिहिलं असेल," साहेब म्हणाले.

"नंतर. ठीक. मग फोन घरी ठेवून अँब्युलन्समध्ये बसायच्या आधीच तिला कळलं होतं की आपण काय करून बसलोय. अशा माणसाचे दोनच मार्ग. एक, तोंडानं सांगून टाकायचं, म्हणजे जीव वाचेल. पण ती अँब्युलन्समध्ये म्हणाली की गोळी दिलेलीच नाही. दुसरा, लपवायचं. पण लपवणारा माणूस साऱ्या वर्गासमोर फळ्यावर आपल्या नावानं लिहून ठेवेल? एकाच बाईनं एकाच दिवशी लपवलं पण आणि जाहीरही केलं, हे तुम्ही कोर्टात म्हणाल का?"

साहेबांनी घसा खाकरला.

"म्हणजे लिहिणारं माणूस दुसरं. त्याला लिहायची हौस नव्हती, त्याला मॅडमचं उत्तर वाचायचं होतं. चौकोन वाट अडवून बसला होता. समोर माणूस मरणाच्या दारात, हातात परक्या बाईचा फोन. अशा वेळी माणूस विचार करून खोटं रचत नाही. जे झालं तेच लिहितो. चुरा केला, मधातून दिली, पटकन घेतली. आणि उत्तर उघडलं, आणि पायाखालची जमीन सरकली." मेट्रनबाई थांबल्या. "ते उत्तर वाचून तो माणूस धावला. मला एवढंच शोधायचं होतं की धावलं कोण. डॉक्टरांना चुऱ्याचं कोणी सांगितलं?"

ताईला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधलं आठवलं: डॉक्टर बोलत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते, तिच्यामागे उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघत होते.

"मी हिचा प्रश्न वाचला होता फोनवर," साहेब म्हणाले. आवाज जवळजवळ उरला नव्हता. "चुरून देऊ का, असं विचारलंय म्हणजे दिलीच असणार. तेवढंच सांगितलं मी डॉक्टरांना."

"तेवढंच नाही," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. वहिनींनी ट्रे छातीशी घट्ट धरला होता.

"मी शेजारी उभी होते. तुम्ही म्हणालात, चुरा करून मधातून दिलीय. मध म्हणालात. तेव्हापासून मी मनाला समजावतेय की मी चुकीचं ऐकलं." त्यांचा आवाज फुटला. "ताईच्या प्रश्नात मध नाही हो. आणि माझ्या स्वयंपाकघरातही नाही."

टेबलाचा ड्रॉवर बंदच होता. पण मेट्रनबाई सोडून त्या खोलीतल्या तिघांनाही त्यात काय आहे ते ठाऊक होतं, आणि तिघांची नजर गेली तिकडेच त्यांनीही बघितलं.

५

साहेब रडायला लागले तेव्हा ताईला त्यांची कीव आली नाही. येईल असं तिला वाटलं होतं, आली नाही.

"लहानपणी मला गोळी गिळता यायची नाही," ते म्हणत होते. "थुंकून टाकायचो. बाबा दोन चमच्यांत दाबायचे, मधात कालवायचे आणि भरवायचे. त्या सकाळी मी आत गेलो, तर ते गोळीच्या डबीकडे बघत होते. मला वाटलं, ही बाई बसलीय कुणाच्या उत्तराची वाट बघत, आणि माझे बाबा औषधावाचून राहिलेत. मी चमचा पुढे केला तर त्यांनी तोंड उघडलं. हसले पण. त्यांना आठवलं असणार." त्यांनी चेहरा हातांत झाकून घेतला. "मीच बाबांना मारलं असतं."

"आणि वाचवलंतही तुम्हीच. वेळेवर सांगितलंत," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण सांगताना नाव दुसऱ्याचं घातलंत. पहिली चूक मायेची होती, तिला मी काही म्हणणार नाही. पण हा कागद मायेनं टाइप केलेला नाही."

"बाबांनी... तुम्हाला सांगितलं?"

"सकाळी इथे यायच्या आधी मी त्यांच्याकडेच गेले होते. धड बोलता येत नसलं तरी मान हलवतात. ताईनं दिली का, विचारलं. जोरजोरानं नाही म्हणाले, उशी खाली पडली. सुनेनं दिली का? नाही. मुलानं दिली का?" मेट्रनबाईंनी सुस्कारा टाकला. "मुलाचं नाव काढलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. तीनदा विचारलं, तीनदा झोपले. पण सोंग म्हणजे काही साक्ष नव्हे, म्हणून इतकी यातायात."

साहेबांनी ड्रॉवर उघडला. मधाच्या बाटलीशेजारचा फोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी दाराची किल्ली ठेवली आणि कागदाचे दोन तुकडे केले. मेट्रनबाईंनी ते तुकडे उचलून नीट घडी घालून आपल्या पिशवीत टाकले.

"राहू द्या माझ्याकडे. संस्थेला दाखवीन. पोलिसांत जायचं की नाही हे आता तुम्ही ठरवणार नाही, ही ठरवेल. परीक्षेला ही बसणारच, ती जबाबदारी माझी."

ताईनं किल्ली घेतली आणि फोन उचलला. फळा उघडाच होता. दुसऱ्या कोणीतरी तिच्या नावानं कुलूप काढून ठेवलं होतं आणि आत तिच्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस स्वच्छ अक्षरांत बसून होतं: कधीही चुरा करू नका. तिनं ते पूर्ण वाचलं. हे जर त्या संध्याकाळी दिसलं असतं, तर तिनं सकाळी साहेबांना दारात थांबवून सांगितलं असतं. दोन ओळींचं काम होतं. पेटीत एक नवा निरोप आला होता. मॅडमचा. 'माझ्या नावावर लाल खूण मी स्वतःच मागून घेतली आहे. तुझा प्रश्न तुझ्या पेटीतच राहायला हवा होता. चुकले.' ताईचे डोळे भरून आले, पण माफी स्वीकारण्याइतकं मन अजून रिकामं झालं नव्हतं, म्हणून तिनं तो निरोप तसाच ठेवला.

तिनं पिशवी भरली. फार काही नव्हतंच. आजोबांच्या रिकाम्या खाटेवरची चादर सवयीनं सारखी केली आणि मग स्वतःवरच चिडली. दाराशी वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले.

"ताई," मागून साहेब म्हणाले. "बाबा परवा घरी येतील. तू नाहीस तर हॉस्पिटलात ते कुणाच्या हातून घास घेत नाहीयेत. मी कुठल्या तोंडानं विचारू कळत नाही, पण येशील का? पोलिसांचं तू काय ते ठरव, ते वेगळं. मला फक्त एवढंच सांग. येशील का?"

आजोबांची जोरानं हललेली मान ताईला दिसली. खाली पडलेली उशी दिसली. आणि मावशीला आई म्हणणारी लेकही दिसली. हो म्हणावं की नाही, हे खरंच तिला त्या घडीला माहीत नव्हतं. तिनं किल्लीनं दार उघडलं. जिन्यातली हवा आत आली, आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा तिच्या छातीत पुरता श्वास भरला.

"कळवीन," ती म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून ती वळली, कारण वाट बघणं काय असतं ते तिला ठाऊक होतं, आणि आजोबांना ते भोगायला लावायचं तिच्या मनात नव्हतं.

"उद्या सकाळी कळवीन," ती म्हणाली. "आणि फोन करून, तुम्हालाच."